कुसळीच्या गाठी

छत्तीस वर्षं मी हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली की माझे तीन प्रश्न ठरलेले असायचे. कधी? कुठं? तू स्वतः पाहिलंस का? तिसऱ्या प्रश्नाला पोरं हमखास गप्प व्हायची. या असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगून ठेवते. आता माझीच पाळी आली आहे, तर उत्तरंही माझीच — मागच्या जानेवारीतला शनिवार, दुपारी दोन ते साडेचार. कळंबहून येडशीकडे जाताना रस्त्याला लागून असलेला बालाघाटाचा डोंगर. आणि हो, मी स्वतः पाहिलं.

हे सदर माझी नात ऋचा तिकडं टोरांटोत बसून वाचते. रविवारच्या व्हिडिओ कॉलला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यातही तिचा भाऊ निषाद फ्रिजमध्ये डोकं घालून उभा असतो... एवढं सगळं त्यात कुठं बसायचं? म्हणून इथं लिहिते. पोरांनो, आजी एकटी राहून भ्रमिष्ट झाली असं तुमचे बाबा म्हणतील. म्हणू देत. तुम्ही शेवटपर्यंत वाचा.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी शाळेतलं मुलींचं गाइड पथक मीच चालवते. पगार नाही, सक्ती नाही. खरं सांगायचं तर शनिवार रिकामा गेला की रविवारच्या कॉलपर्यंतचा वेळ फार लांब वाटतो. लोक विचारतात, मोबाइलवर सगळे रस्ते दिसतात, मग तुमची ती शिट्टी, दोरीच्या गाठी, दोन काड्यांत चूल पेटवणं, डाव्या हातानं हस्तांदोलन — हे अजून कशाला? माझं उत्तर साधं आहे. चूल पेटवणारी मुलगी आधी वारा कुठून येतो ते बघते. गाठ मारणारी दोर हातात घेऊन थांबते. बघणं आणि थांबणं मोबाइल शिकवत नाही. आणि परंपरा म्हणाल, तर ती पाळताना आपल्या आधी कुणीतरी हेच केलं होतं एवढी आठवण राहते. तेवढं मला पुरतं.

असं मी आज लिहिते. पण मधली दोन-तीन वर्षं मीच हे विसरले होते, आणि ते रुक्मिणबाईंच्या बाबतीत विसरले.

रुक्मिणबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या. मूळच्या जळकोटच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पथकाची कॅप्टन मी, बिल्ला माझ्या छातीवर, इंग्रजी पुस्तकं माझ्या कपाटात. पण डोंगरात पोरी मागं जायच्या त्यांच्या. आमचा एक खेळ असतो, माग काढण्याचा. पुढं जाणाऱ्यानं वाटेत खुणा करायच्या — दगडावर दगड, खडूचा बाण, गवताची गाठ — आणि मागून येणाऱ्यांनी त्या ओळखत यायचं. सगळ्यांच्या शेवटी चालणाऱ्यानं खुणा मोडत यायचं, कारण राहिलेली खूण पुढच्या माणसाला चुकवते. शेवटी चालायचं काम कायम रुक्मिणबाईंचं.

पहिल्याच वर्षी मी पुस्तकात बघून गवताला गाठ मारायला गेले. जानेवारीतली वाळलेली कुसळी, कडकन तुटली. रुक्मिणबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या.

"बाई, त्या सायबाच्या गावाला पाऊस पडत आसंल बाराही म्हैने. हितलं गवत आधी भिजवावं लागतं."

त्यांनी बाटलीतलं घोटभर पाणी तोंडात घेतलं, गवताच्या झुपक्यावर फुर्रकन उडवलं, डावीकडून दोन पीळ दिले आणि कुसळांचा तुरा गाठीच्या आत दुमडला.

"तुरा आत कशाला?" मी विचारलं.

"मागनं येनाऱ्या लेकराच्या हाताला टोचंल की. ध्यान कुठं आसतंय तुमचं?"

अशी गाठ मी दुसऱ्या कुणाच्या हातची कधी पाहिली नाही. मला स्वतःलाही ती कधी जमली नाही.

पुढं त्याही निवृत्त झाल्या, पण सहलीला यायच्या. मग तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधी मी ठरवलं की आता पांढऱ्या ऑइलपेंटचे बाण काढायचे. लांबून दिसतात, वेळ वाचतो, पालकांनाही बरं वाटतं. रुक्मिणबाईंना मी म्हटलं, "तुमच्या गाठी आता जुन्या झाल्या. मुलींना समजत नाहीत."

त्या म्हणाल्या, "रंग पुसायचा कुनी मग?"

"तुम्ही आहात की!" मी हसत म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या. मला वाटलं, सहलीच्या वेळी समजूत काढू. पण दिवाळीच्या आठवड्यातच त्या गेल्या. झोपेत. मी अंत्ययात्रेला गेले, हार घातला. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

त्या हिवाळ्यात रंगाचे बाण काढून सहल केली. परतताना मीच शेवटी चालत होते, रॉकेलचं फडकं घेऊन बाण पुसत. गुडघे दुखायला लागले, एसटीची वेळ झाली... शेवटचा बाण राहिला. पुढच्या वेळी पुसू म्हटलं. पुढच्या हिवाळ्यात सहल झालीच नाही, आणि मी तो बाण साफ विसरले.

आता मागच्या जानेवारीचा तो शनिवार. पंधरा मुली, तरुण शिक्षिका प्रणिता आणि मी. या वेळी रंग नव्हता. सकाळी मी एकटीनं पुढं जाऊन खडूचे बाण काढले, वाटही जरा बदलली. मुली दोघी-दोघी निघाल्या. सानिका ही त्यांच्यातली सर्वांत हुशार, नववीतली. तिची जोडीदारीण तापानं आली नव्हती, म्हणून तिला मी एकटीला, सगळ्यांच्या आधी सोडलं. चूक नंबर दोन. शेवटी मी, बाण पुसत.

दोन वाजता मी खालच्या विहिरीजवळच्या चिंचेखाली पोचले. चौदा मुली डबे खात होत्या. सानिका नव्हती.

"ती तुमच्यासोबत नाही?" प्रणितानं विचारलं, आणि तिच्या हातातला घास तसाच राहिला.

फोनला रेंज नव्हती. शिट्ट्या वाजवल्या, उत्तर नाही. प्रणिताला मुलींपाशी ठेवलं आणि काठी, दोरी आणि पाण्याची बाटली घेऊन मी परत वर चढले. जिथं वाट फुटते तिथं एक पुढं आलेला खडक आहे. त्याच्या पोटाखाली, पावसापासून वाचलेला, स्वच्छ पांढरा बाण होता. ऑइलपेंटचा. डावीकडं. माझा खडूचा बाण समोरच्या दगडावर होता. मघाशी मीच पुसलेला, पुसट, उजवीकडचा. खडकाच्या पोटाखाली मात्र तेव्हा पाहिलंच नव्हतं.

डावीकडं पुढं जुनी दगडाची खाण आहे. कडा ढासळलेल्या, तळाला पाणी. माझ्याच हातच्या बाणानं एका लेकराला तिकडं पाठवलं होतं.

मी डावीकडं वळले. शंभरेक पावलांवर मेंढरांच्या तीन वाटा फुटतात. कमरेएवढी कुसळी, पाऊल उमटेल अशी माती नाही. हाका मारून घसा बसला. कुठं जाऊ? चुकीच्या वाटेनं गेले असते तर अंधार पडेपर्यंत फिरत राहिले असते.

आणि मधल्या वाटेच्या तोंडाशी मला गाठ दिसली.

कुसळीच्या झुपक्याला मारलेली. डावीकडून दोन पीळ. तुरा आत दुमडलेला. मी हात लावला... ओली होती. भर दुपारचं ऊन, आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही, आणि गाठ ओली.

त्या वेळी मी काही विचार केला नाही. सानिकानं मारली असेल, एवढंच डोक्यात आलं. पुढं चालत गेले. दुसरी गाठ, तिसरी... अशा सात. जिथं वाट संशयाची, तिथं गाठ. सातवी खाणीच्या काठाशी होती. मी पोटावर झोपून खाली पाहिलं. दीड पुरुष खाली एका कपारीवर सानिका बसली होती, घोटा धरून. तिच्या खाली आणखी तेवढ्याच खोलीवर पाणी.

"मॅडम! किती शिट्टी वाजवली! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"ऐकू आलं नाही. हल नकोस तिथून."

दोरी बाभळीला बांधली, तिला फास कंबरेत घ्यायला लावला. मी ओढत होते, ती एका पायानं चढत होती. कशी आली वर, आज आठवत नाही. पाय स्कार्फनं बांधला, पाणी पाजलं, मग मी एकदाची रडले. तीच मला समजावायला लागली.

"शहाणी गं तू," मी म्हटलं. "गाठी मारत आलीस म्हणून सापडलीस."

"कसल्या गाठी?"

"गवताच्या."

"मी कशाला मारू मॅडम? कुसळं टोचतात. आणि आम्हाला कुठं शिकवल्यात तुम्ही? जुनं झालं म्हणला होता की."

मी तिला म्हटलं, चल, दाखवते. सातवी गाठ खाणीच्या काठाशीच होती. आता तिथं नव्हती. झुपका होता. गवत अजून पिळाच्या जागी वाकलेलं होतं, नुकतीच वेणी सोडलेल्या केसांसारखं. पण गाठ सुटलेली. सहाव्या जागी तसंच. पाचव्या, चौथ्या... थेट पहिल्यापर्यंत. वाट तीच होती, माझ्या काठीनं बाजूला सारलेलं गवत जागोजागी दिसत होतं.

मी जाताना माझ्यामागून कुणीतरी गाठी मोडत आलं होतं. शेवटी चालत होतं, आणि ती मी नव्हते.

पायथ्याशी एक मेंढपाळ होता. त्याला विचारलं, वर कुणी बाई गेली का?

"दुपारपास्नं हितंच हाय म्या. तुमीच तेवढं गेलाव, अन् ह्या पोरीला घिऊन आलाव. दुसरं कोन न्हाय. का वो?"

"काही नाही," मी म्हटलं.

घरी येऊन नोंदवहीत सगळं लिहिलं. वेळ, जागा, गाठींची संख्या. सगळ्या मुलींना एकेक करून विचारलं, ती गाठ कुणालाच येत नाही. तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आई, ऊन लागलं तुला. आणि आता पुरे कर हे डोंगर." ऊन लागलं असेल. पण उन्हानं बोट ओलं होत नाही. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि या वयात मिळेल असंही वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात एकटीच जाऊन खडकाखालचा तो बाण तारेच्या ब्रशनं खरवडून काढला. तासभर लागला. काम संपल्यावर तिथंच बसून, दोन वर्षं राहिलेलं ते बोलणं मोठ्यानं बोलून टाकलं. वारासुद्धा नव्हता. मग एसटीनं घरी आले, कुलूप उघडलं, एकटीपुरता भात लावला.

यंदाच्या सहलीची तयारी सुरू आहे. मला अजून नीट जमत नाही, तरी मुलींना गवत भिजवून गाठ मारायला शिकवते आहे. तुरा आत दुमडायचा, हे प्रत्येकीला पाच-पाचदा सांगते. वहीत चालण्याचा क्रम लिहिला, पुढं कोण, मधे कोण. माझं नाव सगळ्या मुलींच्या मागं लिहिलं आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडली.

सानिकानं वही बघितली. "मॅडम, इथं कुणाचं नाव राहिलं?"

"राहू दे," मी म्हटलं. "तू पुढं बघून चाल."