ओरोसचे तीन दिवस आणि एक आयती निरक्षर

ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, कोणी हौसेने जात नाही. दाखला, जमिनीचं काम, साहेबाची सही, काहीतरी मागे लागलेलं असतं. माझ्यामागे चार बायका लागल्या होत्या. नांदगावात आमच्या वाडीतल्या प्रौढांना वाचायला शिकवायला त्या तयार होत्या. पण या शिकवणाऱ्यांना तयार करणारी बाई प्रमाणपत्रवाली हवी, नाहीतर वर्गाला मंजुरी नाही. मी बावीस वर्षं शाळेत शिकवण्यात घालवलेली, तेव्हा ओरोसच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची माळ माझ्याच गळ्यात पडली.

नांदगावहून कणकवली, तिथे गाडी बदलून ओरोस. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, तेवढंच सुख. हायवेवर उतरलात तर कचेरीपर्यंत सरळ रिक्षा करा, उन्हात चालायचं धाडस नको. नाश्ताही बाहेरच उरका, उसळपाव झणझणीत मिळतो. प्रशिक्षणातल्या उपम्याबद्दल मी बोलणार नाही.

पहिला दिवस दीपप्रज्वलन, गुलाबाची फुलं आणि पाच भाषणांत गेला. दुपारी सराव. आमच्यातल्याच एकाने निरक्षर व्हायचं, दुसऱ्याने त्याला शिकवायचं. आणि काय ते सोंग! पदर डोक्यावर, तोंड उघडं, बोलणं बोबडं. एक गुरुजी तर डोकं खाजवत 'अ'चं कार्ड उलटं धरून बसले. निरक्षर म्हणजे खुळा, हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं. मला भयंकर चीड आली, पण प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून तोंड मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी 'अभ्यासभेट', म्हणजे बस भरून मालवण. एखादा वर्ग बघू असं मला वाटलं, मीच खुळी. धक्क्यावर किल्ला मागे धरून, हातात बॅनर घेऊन फोटो काढले आणि झाला अभ्यास. सुरमईची थाळी मात्र चोख होती. भाव आधी विचारा आणि सोलकढी दुसऱ्यांदा बिनधास्त मागा, देतात.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. प्रत्येकाने परीक्षकांसमोर दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा. माझी पाळी आली तशी मुख्य परीक्षकांना कल्पना सुचली. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या सुशीलाबाईंना त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "ही बघा आपली आयती निरक्षर."

चाळीस माणसांसमोर ती बाई ओले हात पदराला पुसत उभी. मला लाज वाटली. पण चार बायकांचा वर्ग डोळ्यांसमोर आला आणि मी मुकाट्याने चित्राखाली शब्द लिहिलेलं कार्ड वर धरलं. घर. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग अडखळत 'घ' म्हणाली, थांबली, 'र' म्हणाली. दहाव्या मिनिटाला सगळा शब्द वाचला. टाळ्याच टाळ्या! परीक्षक तर खूश. मी पहिल्या नंबराने पास, आणि खोटं कशाला सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं.

निघताना तिचे आभार मानायला कॅन्टीनमागे गेले. सुशीलाबाई चष्मा लावून पायरीवर पेपर वाचत बसल्या होत्या. आतलं पान, बारीक अक्षर.

माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा काढला. "माका वाचूक येता, बाईनू. बचत गटाचा इतिवृत्त मीच लिवतंय. तसा सांगितला असता तर तुमची परीक्षा बुडली असती."

म्हटलं, निदान परीक्षकांना तरी सांगायचं, मी निरक्षर नाही म्हणून.

"माका कोणी इचारल्यानच नाय," त्या म्हणाल्या.

कोणी म्हणजे मीसुद्धा. तीन दिवस सगळ्यांना नाकं मुरडणारी, बावीस वर्षं शिकवलेली अनुभवी बाई! कणकवलीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले, ते प्रमाणपत्र पिशवीतून काढवेना.

वर्गाला मंजुरी मिळाली. पहिल्या रविवारी चौघी माझ्या पडवीत वह्या घेऊन आल्या. मी म्हटलं, वह्या मिटा. शिकायला येईल त्या माणसाला आधी विचारायचं, तुला काय काय येतं. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत पुस्तक उघडायचं नाही.

"ह्या ओरोसाक शिकवल्यानी?" एकीने विचारलं.

"ओरोसाकच," मी म्हटलं, "पण भांडी घासणाऱ्या बायन." आणि मग त्यांना सगळं सांगितलं, माझी शोभा झाली तीसुद्धा.