पंख्याकडे बघणारी बाई

तिचं नाव मला ठाऊक नाही. चिंचवडच्या त्या दवाखान्यात एका वेळी चार पेशंट आत घेतात, म्हणून खोकला सांभाळत मी शेजारच्या स्टुलावर होतो. कंपनीच्या गणवेशातच ती थोरल्या बहिणीला घेऊन आलेली. बहीण चाळिशीची, पण समजायला नि बोलायला तिला वेळ लागायचा. तीन दिवस ती स्वतःच्या डोक्यात बुक्क्या मारत होती.

डॉक्टरांची नजर अशी तेज, की बहिणीकडे न बघताच त्यांना रोग दिसला. "अशा मुली हट्टी असतात. झोपेची गोळी देतो. जेवते का ती?"

बाई छताच्या पंख्याकडे बघत म्हणाली, "तिला विचारा."

"तिला काय कळणार?"

"साहेब, चाकणला आमच्या मशीनला तोंड नाही, तरी बिघडलं की फिटर तासभर कान लावून बसतो. हिला तर तोंड आहे."

आख्खा दवाखाना खोकायचा थांबला. डॉक्टरांनी मान वळवली, तिची करकर देहूपर्यंत ऐकू गेली असेल. "कुठं दुखतंय?"

बहिणीने कान दाखवला. आत लालभडक सूज! नवा ग्रह सापडल्याच्या थाटात डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि बाईला म्हणाले, "हे थेंब हिला दोनदा घाला."

बाई पुन्हा पंखा बघू लागली. डॉक्टर गोंधळले. बहिणीला मात्र कळलं. तिने चिठ्ठीसाठी हात पुढे केला.