पाटलीचा टंच

कडेगावकडचं आमचं गाव गलाईवाल्यांचं. सोनं वितळवून शुद्ध करायचं, त्याचा टंच, म्हणजे खरेपणा काढायचा, हा पिढीजात धंदा. त्यापायी निम्मं गाव केरळ-तमिळनाडूत पांगलंय. आमचं दुकान कोइमतूरला. टंच हा शब्द मी आपल्याच मातीतला समजत होते, पण इंग्रजीत एम.ए. झालेली माझी लेक म्हणाली, "आई, ह्यो इंग्रजांचा टच हाय म्हणत्यात."

"चल! टच म्हणजे हात लावणं."

"तेवढंच न्हाई गं." मग बाईसाहेब सुरू झाल्या. आमटीत चिमूटभर गूळ पडला तरी टच, कारागिराच्या हाताची लकब म्हणजे टच, कुणाशी संपर्क ठेवायचा तर टचमध्ये राहायचं. आणि जुन्या इंग्रजीत सोन्याची पारख, तीही टचच. कोइमतूरचे सराफ अजून तसंच म्हणतात. बरं, इंग्रजांनी तरी तो फ्रेंचांकडून उचललेला!

"म्हणजे उसन्याचं उसनं! आणि रुबाब बघ केवढा," मी म्हटलं. पण मनातून लय कौतुक वाटलं.

एवढ्या हुशार पोरीला दुकान मात्र घरचे द्यायला तयार नव्हते. मोठे दीर म्हणायचे, पोरगी परक्याची, दुकान माझ्या पोराकडं, तुमच्या पुतण्याकडं जाऊ दे. आमचे हे थोरल्या भावापुढं तोंड उघडत नाहीत. शेवटी मीच भडकले. "आवं, एकदा पारखून तर बघा तिला!"

आमच्यात चाल आहे. नव्या माणसानं पहिला टंच घरच्याच दागिन्याचा काढायचा आणि भावकीसमोर मोठ्यानं सांगायचा. यात्रेला सगळे गावी आले होते. मी हातातली पाटली काढून दिली. माझ्या वडिलांनी लग्नात घातलेली, बावीस कॅरेटची म्हणून मी सासरी मिरवलेली.

लेकीनं पाटली कसोटीवर घासली, रेघेवर तेजाब सोडलं. रेघ फिकी पडत गेली, म्हणजे सोनं कमी कसाचं. तिनं माझ्याकडं बघितलं.

दिरांच्याही ध्यानात आलं. ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. तुझ्या आजोळचं सोनं हाय, बावीसच धरू."

"न्हाई काका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "टंच पंच्याहत्तर. अठराच कॅरेट हाय."

जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. वडिलांना सोनारानं फसवलं, की त्यांची ऐपतच तेवढी होती, आता कुणाला विचारू?

दिरांनी पाटली उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "आईच्या दागिन्याला टंच वाढवून सांगणारी पोरं लय बघितली. दुकानात हीच बसंल."

भर भावकीत पोरीनं माझ्या माहेरचं नाक कापलं, आणि माझी मान अशी ताठ झाली म्हणता, विचारू नका.