कोपऱ्यातलं सिलिंडर

आमच्या घरात गॅस होता आणि नव्हताही. भरलेलं सिलिंडर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं असायचं. त्यावर बाईनं विणलेला लोकरीचा रुमाल होता, आणि दिवाळीत त्याला हळदकुंकूही लागायचं. शेगडी मात्र कधी खोक्याबाहेर आलीच नव्हती. स्वयंपाक चुलीवर व्हायचा.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आई माझ्या लहानपणीच गेली. बाई तरुणपणी विधवा होऊन गोंदियाजवळच्या कामठ्याला माहेरी परतली आणि तिनंच मला वाढवलं. माझं लग्न जमलं नाही, तिनं दुसरं केलं नाही. घरात आम्ही दोघंच. गल्लीतल्या एका सुनेचा पदर शेगडीवर पेटलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून कुणी गॅसचं नाव काढलं की म्हणायची, "लाकडाचा इस्तो दिसते तरी. याचा काय भरोसा?"

मग तिला खोकला लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून मलाच दटावलं. धूर बंद करा, नाहीतर पुढं औषधही काही करू शकणार नाही.

त्याच वर्षी आमची राइस मिल बंद पडली. अठरा वर्षं मी तिथं मशीन चालवलं. पट्टा कुठं घासतोय ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. पण दुसऱ्या मिलमध्ये गेलो तर विचारलं, शिकल्याचा कागद आहे का? कागद कुठला असणार? गोंदियात तेव्हा पाइपच्या गॅससाठी रस्ते खोदणं चालू होतं. म्हटलं, आता हेच शिकावं. एका दगडात दोन पक्षी, पोटही भरेल आणि बाईची चूलही सुटेल.

वाटा तीन होत्या. एक तीन महिन्यांचा छोटा कोर्स. दुसरी, शहरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली राहणं. तो म्हणाला, "मेरे साथ चल, छह महीने में हाथ खुल जाएगा. कागज से चूल्हा नहीं जलता, भाई." तिसरी आयटीआय. पूर्ण वर्षाचा नळजोडणीचा कोर्स, त्यातच गॅसचं काम, आणि शेवटी परीक्षा.

बाईचं मत मिस्त्रीला. मी आयटीआय निवडलं. कागद नसल्याची लाज माझ्या मनात इतकी बसली होती की मला पक्का, शिक्क्याचा कागदच हवा होता. पहिल्या दिवशी मी गणवेश घालून निघालो, तेव्हा बाई दारात उभी राहून हसली. "डोईचे केस पांढरे होऊन राहिले अन् सायब शाळेत चालले." हसता हसता तिला खोकला आला. बराच वेळ थांबेना.

एवढं मात्र तिनं कबूल केलं होतं, "तू हात लावशील त मी पेटवीन. दुसऱ्या कोणाचा भरोसा नाई."

दुसऱ्याच महिन्यात आम्हाला शेगडी जोडायला शिकवलं. रेग्युलेटर बसवायचा, रबरी नळी नीट घुसवायची, सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला नाही की काम पक्कं. मला पहिल्याच दिवशी जमलं. घरी येऊन मी ते बाईला फुशारकीनं सांगितलं.

"मंग कवा लावतं?" तिनं विचारलं.

मी तिला नियम ऐकवला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर पाहिजे, म्हणजे आधी ओटा पाहिजे. ओटा बांधायला गवंडी पाहिजे, आणि गवंडी धानकापणीला गेलेला.

"तुहं शाळेचं टेबल आहे ना. त्याच्यावर ठेव."

टेबलावर माझी पुस्तकं होती. मी म्हटलं, बाई, असं अर्धवट काम मी करणार नाही. परीक्षा होऊ दे. ग्रॅनाइटचा ओटा, तांब्याची नळी, सगळं रीतसर करून देतो. खोटं कशाला बोलू, त्या टेबलावर शेगडी चालली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा मला कुठलंतरी काम कागद घेऊन करायचं होतं, आणि ते बाईनं पाहावं असं वाटत होतं. मला कौतुक हवं होतं. ती चुलीत फुंकत राहिली.

दिवाळीनंतर तिनं पुन्हा एकदा विचारलं. त्यानंतर विचारलं नाही.

जानेवारीच्या थंडीत तिला रात्रंदिवस दम लागू लागला. शेवटी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या लुगड्याला तिथंही धुराचा वास येत होता.

तेरवी झाल्यावर मी ओटा बांधला. बैल गेला अन् झोपा केला. लोक म्हणाले, छान झाला.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. प्रात्यक्षिकाला मला नेमकी घरगुती शेगडीच आली. मी जोडली, फेस लावला, बुडबुडा आला नाही. काडी ओढली. निळी ज्योत गोल लागली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "साडेसात मिनिटं. हात चांगला बसलाय तुमचा."

मला तिथंच रडू फुटलं. त्यांना वाटलं, या वयात पास झालो म्हणून रडतोय. त्यांनी पाठ थोपटली. साडेसात मिनिटांच्या कामासाठी माझी बहीण चार महिने धुरात बसून होती, आणि तिला बसवणारा मी होतो.

आता मी लोकांच्या घरी शेगड्या जोडतो. कागद खिशात असतो, अजून कुणी मागितलेला नाही. कधी एखादी बाई म्हणते, आमचा ओटा व्हायचाय, पुढच्या महिन्यात या. मी पिशवी खाली ठेवतो आणि विचारतो, घरात टेबल आहे का?