राहायला गेलेला माणूस

कुणी टोमणा मारला की तो आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकायचा, पुन्हा खांद्यावर टाकायचा आणि मगच तोंड उघडायचा. बोलणं तीनच शब्दांचं.

"मंग का झालं?"

एवढं विचारून तो समोरच्याकडे बघत राहायचा. रागानं नव्हे. खरंच उत्तर हवं असल्यासारखा. 

मी तेव्हा लाखांदूरच्या दवाखान्यात औषधं वाटायच्या खिडकीत बसायचो. त्याची बायको तिथेच सिस्टर होती. तो दिघोरीचा, घरची थोडी धानाची शेती. सकाळी तिला मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि ड्युटी सुटायच्या तासभर आधी येऊन माझ्या खोलीतल्या बाकावर बसायचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याला स्वतःला चाललं असतं, पण त्याच्या मोठेबाबांना आवडलं असतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

तिचा डबा तोच करायचा. डबा देताना मला हळूच सांगायचा, "भाऊ, आज वांग्यात मीठ जास्त पडलं. सिस्टरले सांगू नका, तिले आपोआप समजते का पाहू." स्वतःच्या बायकोला तो दवाखान्यात सिस्टरच म्हणे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याचं म्हणणं, "मंग का झालं? सगळेच म्हणून राहिले, मीच काहून वेगळं म्हणू?" कुणी त्याला 'बाईचा डायवर' म्हटलं तर तो म्हणायचा, "मंग का झालं? सवारी चांगली भेटली."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याला आधी हसतो. नंतर त्याची थोडी भीती वाटायला लागते, कारण आपल्याला लाज वाटते अशा गोष्टीची त्याला लाज वाटत नाही.

सिस्टरनं परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं. ठरवलं तिनं, पण हट्ट त्याचाच. स्वतः दहावीपर्यंत शिकलेला. सकाळी गाडी चालवताना तो मागे बसलेल्या तिला शब्द विचारायचा. शब्द त्यानं देवनागरीत लिहून टाकीवर चिकटवलेले असत. पहिल्यांदा ती थोडक्यात राहिली, लिहिण्याच्या पेपरात. माझ्या खोलीत येऊन खोक्यांच्या आड रडली. तो म्हणाला, "मंग का झालं? आपला धानाचा रोवणा एका पावसात आटपला का कधी?" दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

मग कागदपत्रं. तिचं माहेर अर्जुनीकडचं. जन्माच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा, नंतरच्या कागदांवर गोंदिया. एका कचेरीतल्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "ही बाई एक आहे की दोन?" यानं दुपट्टा झटकला. "बाई एकच हाये साहेब. बाई जागची हलली नाही, जिल्हा सरकला." बाबू हसला, आणि कागद पुढे गेला.

आयर्लंडला आधी ती गेली. आठ-नऊ महिन्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन हा निघाला. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा भाऊ चारचौघांत म्हणाला, "बायकोच्या मागं शेपूट होऊन जाऊन राहिला तू." हा म्हणाला, "मंग का झालं? शेपूट नसली तं बैल माश्या कशानं हाकलन?" भाऊसुद्धा हसला. पण त्या हसण्यात सगळे नव्हते. मोठेबाबा नव्हते.

मोठेबाबा म्हणजे त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ. रिटायर मास्तर, घरातला पहिला पगारदार माणूस. पांढरा सदरा, हातात काठी, बोलणं मोजकं. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला त्याच वर्षी गावची मेलेली ढोरं ओढायचं काम कायमचं टाकलं होतं. त्या हंगामात गावानं त्यांना कामावर बोलावलं नाही. घर अंबाडीच्या भाजीवर जगलं. मोठेबाबा तेव्हा लहान होते आणि त्यांना ते सगळं आठवत होतं. आमच्या घरानं कुणाची घाण काढायची नाही, हे वाक्य त्यांनी पुतण्यांना पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं.

तिकडून त्याचे फोन यायचे. पहिल्या हिवाळ्यात आवाज बारीक झाला होता. सिस्टर ड्युटीवर, पोरगी शाळेत, आणि हा घरात एकटा. "भाऊ, दुपारी तीन-चारलेच संध्याकाळ होऊन राहिली. बोलाले कोनी नाही. मी भिंतीले विचारतो, मंग का झालं? भिंत बी चूप." शाळेच्या फाटकावर पोरीला घ्यायला उभ्या असलेल्या आयांमध्ये हा एकटा बाप्या. सुरुवातीला त्या त्याच्यापासून दोन हात लांब उभ्या राहत. हा रोज दोन पावलं जवळ जाऊन उभा राहायचा. वर्षभरात त्यांच्या मोबाईलवरच्या गटात त्याचं नाव आलं.

एकदा त्यानं घरात वाळलेले झिंगे, म्हणजे सुकी कोळंबी, भाजले. शेजारची बाई दारात आली, वासाची तक्रार घेऊन. याला तिला धड इंग्रजीत समजावता येईना, म्हणून हा आत जाऊन झिंग्याची प्लेटच घेऊन आला. "वास येते तं खाऊन पाहा म्हटलं." तिनं खाल्लं की नाही देव जाणे. प्लेट मात्र दुसऱ्या दिवशी धुऊन परत आली, आणि तिच्यात चार बिस्किटं होती. पुढच्या वेळी यानं झिंगे खिडकी उघडी ठेवूनच भाजले.

तिसऱ्या वर्षी त्यानं एक कोर्स केला. इंग्रजीत परीक्षा दिली आणि म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात कामाला लागला. काम काय, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे बदलायचे, अंथरूण खराब झालं तर साफ करायचं, घास भरवायचा. गावात मात्र ते कळायला चार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा याच्या तोंडून नाही, नागपूरच्या एका नातेवाइकाकडून कळलं. मोठेबाबांनी त्या दिवशी जेवण केलं नाही म्हणतात.

सात वर्षांनी ते तिघं पहिल्यांदा गावी आले. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. तो थोडा जाड झाला होता. दुपट्टा तसाच. पोरगी आता अकरा-बारा वर्षांची, तिकडच्या हेलात आपली झाडीबोली बोलायची. "मी तलावावर जाऊन राहिली," म्हणाली की ऐकणाऱ्याला हसू यायचं. नागपूरच्या मामीनं तिला शुद्ध बोलायला सांगितलं. बाप म्हणाला, "हेच शुद्ध हाये वहिनी. यात पानी टाकलं नाही आमी."

भेटेल तो एकच विचारायचा, परत कधी येणार. तिकडे त्यांनी लहानसं घर घेतलं होतं. मागच्या अंगणात मेथी येत होती, कोथिंबीर मात्र दरवर्षी दगा देत होती. तो सांगायचा, "मी तिथं राहाले गेलो जी. पाहुणा नाही गेलो."

एका सकाळी आम्ही लाखांदूरच्या स्टँडजवळ चहा पीत होतो. मी विचारलं, तिकडचे लोक चांगले वागतात का.

"सगळे कुठं चांगले असते भाऊ? एक म्हातारी होती. मले हात लावू देत नोती. काळा हात नको म्हने."

"मग?"

"मंग का. आंघोळ दुसरी बाई घाले. मी रोज सकाळी तिच्या दारात उभा राहून 'गुड मॉर्निंग' म्हनून येत होतो. ते तं ती बंद करू शकत नोती ना."

"मग शेवटी लावू दिला हात?"

"नाही. मरेपर्यंत नाही लावू दिला." त्यानं कप ठेवला. "मी बी मरेपर्यंत म्हनलं."

त्याच आठवड्यात दिघोरीच्या विहाराचा वर्धापनदिन होता. परदेशी स्थायिक झालेलं गावचं कुटुंब म्हणून या तिघांचा सत्कार ठरला. परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी मोठेबाबा सानगडीला माझ्या घरी आले. पाणीही न घेता म्हणाले, "सिस्टरचं खरं ते सांगा. त्याचं सांगताना आरोग्य खात्यात मोठ्या पदावर, एवढंच म्हना. माह्या बापाचं नाव हाये या गावात."

मी हो म्हणालो. मला ते फार चुकीचं वाटलं नाही, हे कबूल करतो. त्याच्या कामाची थोडी लाज मलाही वाटत होती.

दुपारी मंडप भरला होता. वंदना झाली. मी सिस्टरचं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. मग त्याच्याविषयी ते वाक्य वाचलं. पुन्हा टाळ्या. त्याच्या खांद्यावर शाल घातली, तेव्हा दुपट्टा खाली पडला. त्यानं तो उचलला, झटकला, शालीवरून घेतला आणि माझ्या हातातून माईक घेतला.

"भाऊ चांगला मानूस हाये," तो म्हणाला. "माह्या इज्जतीसाठी बोलले. पन ते खोटं हाये. मी तिथं म्हाताऱ्या लोकायले आंघोळ घालतो. त्यायचं हागनं-मुतनं काढतो. तेच माहं काम."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तो त्या दिशेला वळला.

"मंग का झालं?"

हसणं थांबलं. तो मोठेबाबांकडे वळला. ते पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"मोठेबाबा, आज्यानं जे काम सोडलं, ते त्याच्यावर लादलं होतं. ते करूनबी त्याले विहिरीवर चढू देत नोते. माह्यावर कोनी नाही लादलं. मी परीक्षा देऊन घेतलं. ज्याचं अंग मी सकाळी धुतो, तो दुपारी माह्या हातानं जेवते. माह्या हातचं पानी पिते. आन् मले विचारते, आज तू कसा हायेस म्हनून. आज्याले असं कोनी कधी विचारलं का, सांगा मले."

मोठेबाबा उठले. सगळा मंडप बघत असताना काठी टेकत बाहेर निघून गेले. टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या बाकावरून पोरगी तेवढी उठली, बापाजवळ जाऊन उभी राहिली आणि समोरच्या सगळ्यांकडे बघत राहिली. अगदी बापासारखी, उत्तर मागत असल्यासारखी.

संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. "तुमी नाही भाऊ," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून लाज बोलली. ती सगळ्यायलेच वाटते. मले बी दोन वर्सं वाटली. सिस्टर घरी आली का मी कामाचे कपडे लपवून ठेवत होतो. एक दिवस तिनंच ते काढून बाहेर दोरीवर वाळू घातले."

पुढचे पाच दिवस तो रोज सकाळी मोठेबाबांच्या ओसरीत जाऊन बसला. म्हातारा पेपर वाचायचा. हा बसून राहायचा. सून चहा आणून द्यायची, दोघं प्यायचे.  सहाव्या दिवशी त्यांना निघायचं होतं.

नागपूरला न्यायला गाडी आली होती. मीही गेलो होतो. सामान लागलं, सिस्टर आणि पोरगी आत बसल्या. तेवढ्यात मोठेबाबा घरातून बाहेर आले. पांढरा सदरा, पण काठी आणली नव्हती. गाडीच्या दाराला धरून उभे राहिले.

"तो जो म्हातारा तुह्या हातचं पानी पिते," त्यांनी विचारलं, "त्याले माहीत हाये का तू कोनत्या गावचा?"

"हाये जी. मी सांगतलं. पन त्याले म्हनता येत नाही. 'डिगोरी' म्हनते."

मोठेबाबा म्हणजे चाळीस वर्षं पोरांचे उच्चार सुधारलेला माणूस.

"डिगोरी नाही," ते म्हणाले. "दिघोरी. घ येते त्याच्यात. बराबर शिकवजो त्याले."

"शिकवतो जी."

तो पाया पडायला वाकला. म्हाताऱ्यानं त्याला मध्येच धरलं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तळवे वर करून बघितले, एखादी पाटी तपासावी तसे. मग सोडले.

गाडी निघाली. माणसं पांगली. मी मोठेबाबांना म्हणालो, चला, ऊन झालं. ते हलले नाहीत. तलावाच्या पाळीवरून रस्ता वळसा घेतो, तिकडे त्यांची नजर होती.

"थांब ना बाबू," ते म्हणाले. "पाळीवर दिसन अजून एकदा."

आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध उभे राहिलो. थोड्या वेळानं पाण्यापलीकडे, पळसांच्या ओळीतून ती पांढरी गाडी निघाली, उन्हात एकदा चमकली आणि वळली.