आक्काच्या नावावरची गाडी

कृष्णात चौथीत माझ्या वर्गात होता. गणित सोडवायला घ्यायच्या आधीच हात वर करून विचारायचा, "सर, चुकलं तर?" पोरं हसायची. त्याची थोरली बहीण सुविधा तेव्हा सातवीला होती. मधल्या सुट्टीत ती आमच्या दाराशी येऊन उभी राहायची, भावानं डबा संपवला की नाही बघायला. आई लक्ष्मीबाई निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या आणि घरी आई येईपर्यंत सुविधा हीच कृष्णातची आई होती.

पुढं कृष्णात बेळगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला लागला, तिथंच अनगोळला भाड्याचं घर घेऊन राहिला. सुविधा लग्न होऊन कागलला गेली. तिचा नवरा दीपंकर सूतगिरणीत होता. त्याला कृष्णात फार मानायचा, आणि सुविधाला तर घरातले सगळेच आक्का म्हणत.

गाडी घेतली ती आईसाठी. तंबाखूच्या धुळीनं लक्ष्मीबाईंची छाती धरली होती, आणि बेळगावच्या दवाखान्यापर्यंत बसनं जाणं त्यांना सोसत नव्हतं. कोल्हापुरात एक जुनी, पांढरी गाडी स्वस्तात मिळाली. कर्नाटकात नोंदवायची तर टॅक्स पुन्हा भरावा लागणार होता. दीपंकर म्हणाला, "कशाला? आक्काच्या नावावर घे. पत्ता कागलचा घाल, महाराष्ट्रातला." आमच्या सीमेवरच्या भागात अशा कितीतरी गाड्या फिरतात. माणूस इकडचा आणि गाडीचा नंबर तिकडचा. यात काही चुकतं असं कुणाला वाटत नाही.

विम्याचं दीपंकरच बघायचा. मुदत संपत आली की त्याच्या फोनवर निरोप यायचा आणि तो पैसे भरून टाकायचा. गेल्या वर्षी दीपंकर काविळीनं गेला. पुढं त्याचा फोन बंद झाला. निरोप येत राहिले असतील. ते वाचायला कुणी नव्हतं.

माघ महिन्यात आईला निपाणीला सोडून कृष्णात बेळगावला परत निघाला होता. संकेश्वर ओलांडल्यावर चहाला थांबला आणि तिथून हमरस्त्यावर येताना त्यानं मागं नीट पाहिलं नाही. चूक त्याचीच होती. हे त्यानं माझ्यापाशी एकदाही झाकलं नाही. मागून मोटारसायकलवर मष्णू नावाचा गवंडी येत होता. धडकेनं तो डांबरावर पडला आणि त्याचा पाय गाडीखाली आला. कृष्णातनंच चार माणसांच्या मदतीनं त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

ठाण्यात पोलिसानं विम्याचा कागद मागितला. कृष्णातनं गाडीच्या खणातून काढून दिला. पोलिसानं तो उजेडात धरला, तारीख वाचली आणि कानडीत म्हणाला, "मुगदैति." संपलंय. कृष्णातला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं कागद परत मागून घेतला. मुदत संपून चार महिने झाले होते.

वकिलानं पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"आक्काच्या. बहिणीच्या."

"मग नोटीस त्यांनाही येणार. विमा असता तर कंपनीनं भरलं असतं. आता भरपाई चालवणाऱ्यानं आणि मालकानं द्यायची. कोर्टानं ठरवली आणि तुम्ही भरली नाही तर जप्ती. बहिणीचं स्वतःचं काय आहे?"

"घर," कृष्णात म्हणाला.

दीपंकर गेल्यावर सुविधाकडं ते दोन खोल्यांचं घर आणि नर्सिंगला शिकणारी मुलगी सौम्या, एवढंच उरलं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते त्यानंच मला पुढं सांगितलं. प्रयोगशाळेत तो रिकामी काचनळीसुद्धा दोन्ही हातांनी धरायचा. अनोळखी नंबरचा फोन आला की तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत श्वास रोखून बसायचा. जेवताना दाराकडं बघायचा. त्याची बायको रूपाली एकदा चिडून म्हणाली, "दाराकडं बघून नोटीस थांबणार हाय व्हय? आक्कांना सांगा. पोस्टमनच्या आधी सांगा."

तो तीन वेळा कागलला गेला आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आला. आपली चूक आक्काचं घर खाणार, हे तिच्या समोर बसून कसं म्हणायचं ते त्याला कळत नव्हतं. अशात कॉलेजातल्या एका कारकुनानं त्याला वाट दाखवली. "नोटीस यायच्या आत घर भाचीच्या नावावर करून टाक. बहिणीच्या नावावर काही नसलं तर जप्ती कशावर आणणार?"

बुडत्याला काडी मिळाली. चौथ्या वेळी तो गेला तेव्हा दुपार होती. त्याला ताट वाढून आक्का पुढची भाकरी थापत होती.

"आक्का, एक बोलायचं हुतं."

"बोल की. मघापासनं भाकरीचा नुसता पापुद्रा सोलत बसलायस."

"घर सौम्याच्या नावावर करून टाकूया."

आक्काचा हात परातीत थांबला. "का रं? मधीच काय काढलंस?"

"न्हाय, पोरगी मोठी झाली. उद्याला कुणाचं काय सांगता येतंय? ह्याच महिन्यात कागद केला तर बरं."

"मला काय झालंय?"

"कायबी झालं न्हाय. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

आक्काला ते बोल ओळखीचे वाटले. दीपंकरच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे दोघे दीर याच खोलीत बसून हेच म्हणाले होते. घर आमच्या नावावर कर, तुझ्याच भल्याचं सांगतोय. त्या दिवशी त्यांना उंबऱ्याबाहेर घालवणारा कृष्णातच होता.

"त्यांनी निदान सरळ सोतासाठी मागितलं," आक्का म्हणाली. "तू माझ्या पोरीला म्होरं करतोस? कुणी शिकवून धाडलं तुला?"

"तसं न्हाय गं आक्का…"

"मग कसं? ताट सरकव बाजूला. आदी सांग."

त्यानं सांगितलं. मान खाली घालून, मधेमधे थांबत, विमा, पोलीस, वकील, जप्ती, सगळं. तव्यावरची भाकरी करपली तरी आक्का उठली नाही.

"त्यो माणूस जित्ता हाय न्हवं?"

"हाय. मांडीत सळी घातलीया."

"तू गेलतास बघायला?"

"वॉर्डाच्या दारापतोर. लोक म्हणत्यात, जाऊ नगंस, गेलास तर कबूल केल्यागत हुतंय."

"मग? तू ठोकलं न्हाईस व्हय?"

आक्का उठली, तवा उतरवला, आणि भर दुपारी पुढचं दार लावून आली. कुणी ऐकेल म्हणून.

"मला लई भ्या वाटतंय, कृष्णा," ती म्हणाली. "दिरांना कळलं तर वाजवत फिरतील. घर गेलं तर पोरीला घिऊन मी कुठं जाऊ? आईकडं? ती एका खोलीत खोकत पडलीया."

"म्हणून तर म्हणतोय, कागद…"

"न्हाय. सौम्याला काय सांगू मी? एका माणसाचा पाय मोडला म्हणून घर तुझ्या नावावर केलं?"

नोटीस आली ती आक्कानंच सही करून घेतली. ठरल्या दिवशी दोघं बेळगावच्या कोर्टात गेली. घर सौम्याच्या नावावर करायचं चाललं होतं हे वकिलाला कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तो कागद केला नाहीत ते बरं. कोर्टानं तोही मोडला असता, आणि वर तुम्ही लबाड ठरला असता."

बाहेरच्या बाकावर मष्णू कुबड्या मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी त्याची बायको गुणाबाई. तिनं आक्काला खालीवर न्याहाळलं.

"गाडीची मालकीण तुमीच काय?"

"व्हय."

"कागलात घर हाय म्हणं तुमचं?"

मागून कृष्णातनं आक्काचा पदर हळूच ओढला.

"हाय," आक्का म्हणाली. "दोन खोल्या. माझ्याच नावावर हायत."

नाही म्हणून सांगतील, मग आपण भांडू, अशा तयारीनं गुणाबाई आली असावी. ती म्हणाली, "तुमचं घर घिऊन मी काय करू? पर आमचा कमवणारा घरात पडून हाय. आदीच सांगते, मी सोडणार न्हाय. कोर्ट देईल त्यातला रुपायाबी सोडणार न्हाय."

"नगासा सोडू," आक्का म्हणाली.

मष्णू इतका वेळ जमिनीकडं बघत होता. त्यानं कृष्णातला विचारलं, "दवाखान्यात दाराशी येऊन गेलेला तुमीच न्हवं? आत का आला न्हाईसा?"

"भ्यालो," कृष्णात म्हणाला.

मष्णूला पाय सरळ करायला जागा हवी होती, म्हणून आक्का बाकाच्या कडेला सरकली.

वकिलानं हप्त्यांची बोलणी सुरू केली आहेत. कृष्णातच्या पगारातून किती आणि किती वर्षं, ते अजून ठरलेलं नाही. गुणाबाईचा वकील म्हणतो, हप्ते चुकले तर घर आहेच. गेल्या रविवारी कृष्णात माझ्याकडं आला होता. आक्का कशी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "घरातच असती सर. बाजारालाबी सौम्याला धाडती. दाराला कुलूप लावून भायेर पडायला तिचं मन घेत न्हाय."