पिलाजीरावांनी जोडलेल्या दोन वायरी

पिलाजीरावांना हार मानणं ठाऊक नव्हतं आणि तेच त्यांना भोवलं. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते, हे ते गॅस गीझरचं झाकण उघडता उघडताही ऐकवायचे. "फौजेतले गीझर कोण दुरुस्त करायचं हो?" अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. रावपुऱ्यात त्यांचं लहानसं दुकान होतं आणि गोत्रीच्या आमच्या सोसायटीतले निम्मे गीझर त्यांनीच बसवलेले. म्हणून त्या जानेवारीत शेजारच्या अहल्याबाईंना मीच त्यांचं नाव सुचवलं.

अहल्याबाईंची मुलगी निरुपमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तेल लावून कढत पाण्याने न्हायला बसावं, तर दहा मिनिटांत गीझर बंद! साबणाच्या फेसात पोर कुडकुडायची आणि अहल्याबाई बाहेरून गीझरचा उद्धार करायच्या.

पिलाजीरावांनी सेल बदलले, बर्नरची काजळी झाडली, रेग्युलेटर नवा लावला. दार सताड उघडं ठेवून अर्धा तास पाणी सोडलं, तरी गीझर बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी निरुपमा न्हायला बसली आणि तो पुन्हा विझला. ते पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला अहल्याबाई त्यांच्यावर बरसल्याच.

"तुमच्यासमोर शहाण्यासारखा चालतो आणि तुमची पाठ वळली की बंद! पोरीला गारठा बाधला म्हणजे? जमत नसेल तर सांगा, दुसऱ्याला बोलावते."

हे त्यांना फार झोंबलं.

खरी गोष्ट अशी, की बाळंतिणीच्या न्हाण्याच्या वेळची ती बाथरूम त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. तिला वारा लागू नये म्हणून अहल्याबाई तेवढ्यापुरती खिडकी लावून खिडकीवर गोधडी बांधायच्या, दाराखालची फटही जुन्या लुगड्याने बुजवायच्या. न्हाणं उरकलं की सगळं काढून ठेवायच्या. पिलाजीरावांना बाळंतिणीच्या न्हाण्याबद्दल काही विचारायचा संकोच वाटला. ती गोधडी मी मात्र रोज पाहत होते आणि एका अक्षराने बोलले नाही. मला अक्कल नव्हती, दुसरं काय म्हणू?

गीझरमध्ये एक सेन्सर असतो. बंद खोलीत गॅस जळून हवा विषारी व्हायला लागली की तो ज्योत विझवतो. तोच बिघडलाय, असं पिलाजीरावांनी ठरवलं. त्यांनी तो काढला आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या.

"आता चोक्कस चालणार, ताई, बंद पडायचा नाही. नवा सेन्सर आला की बसवून देतो," असं मला म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी गीझर बंद पडला नाही. निरुपमा आत न्हात होती, अहल्याबाई बाहेर बाळाला शेकत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, तर आतून ओ आली नाही. आम्ही दार तोडलं तेव्हा नळाला कढत पाणी वाहतच होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत निरुपमा गेली होती.

दुपारी पिलाजीराव धावत आले आणि आधी बाथरूममध्ये गेले. गोधडी अजून खिडकीवरच होती.

"ही रोज असायची, ताई?"

मी मान डोलावली.

"ही नसती तर पोर बहुतेक वाचली असती," ते कसंबसं म्हणाले. मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

मग ते बाहेर जाऊन अहल्याबाईंसमोर जमिनीवर बसले.

"पिलाजीराव, गीझर तर नीट चालू होता हो," त्या म्हणाल्या. "मग माझ्या पोरीला झालं काय?"

"तो बंद पडायचा तेच बरोबर होतं, अहल्याबाई. मी त्याचा सेन्सर काढला. माझ्यामुळे गेली ती."

त्या ओरडतील, मारतील, असं मला वाटलं. पण त्यांनी बाळाला छातीशी घट्ट धरलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "खिडकी मी लावली होती. ती उघडी असती तर?"

"काही फरक पडला नसता," पिलाजीराव म्हणाले.

पोलिसांनाही त्यांनी सेन्सर आपण काढला, तेवढंच लिहून दिलं. गोधडी मी त्याआधीच काढून घरी आणली होती, पिलाजीरावांनीच मला तसं सांगितलं होतं.